दाखल्यावरील जन्मतारीख

शाळा सोडल्याचा दाखला मागावयास माणसे सहसा नोकरीसाठी अथवा पुढील शिक्षणासाठी येतात. क्वचित मात्र एखादी स्त्री दिवंगत पतीचा दाखला मागते. तो पुण्याकडे वा गोव्यास कामाला असतो, कामावरच त्याला मृत्यू आलेला असतो, आणि भरपाईच्या सुनावणीत वयाचा पुरावा हवा असतो. पटावरील त्या एका ओळीचे मोल तेव्हा कळते.

कायद्याचा हिशेब असा : मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. तिसाव्या वर्षी हा गुणक २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७. वेतन १२,००० रुपये धरले, तर पहिल्या वयास १२,४७,८८० रुपये होतात व दुसऱ्यास ११,०५,०२०. एका वर्षाच्या फरकानेही गुणक बदलतो. मुलाचे नाव घालताना १ जून ही तारीख ठोकून देण्याची आम्हां शिक्षकांची जुनी रीत अशा ठिकाणी बाधू शकते ! (राज्य विमा योजनेत नोंदलेल्या कामगाराच्या वारसांचा मार्ग निराळा, त्यांना त्या योजनेतून निवृत्तिवेतन मिळते.)

मूळ कायदा १९२३ चा. तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. नाव बदलले, तरी आपल्यासारख्या परप्रांतस्थ कुटुंबांच्या सोयीची एक तरतूद टिकून आहे. अपघात पुण्यास घडला, तरी बेळगाव-खानापूरकडे राहणाऱ्या विधवेस आपल्याच भागातील अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो. ही सवलत १९९५ च्या दुरुस्तीने आली; तत्पूर्वी अपघातस्थळीच खेटे घालणे भाग होते. अर्जदारास लिहिता येत नसेल, तर त्याच्या इच्छेनुसार अधिकाऱ्याने तो अर्ज लिहवून घ्यावा, असेही कायदा सांगतो. हे ठाऊक नसल्याने किती घरांनी दलालांचे हात ओले केले असतील, कोण जाणे.

याहून मोठा धोका घरी चालत येतो. मुकादम किंवा मालकाचा माणूस दिवसकार्यापूर्वीच काही रोकड पुढे ठेवतो आणि "आता कसलाही हक्क उरला नाही" अशा कागदावर अंगठा मागतो. तो करार कायद्याच्या दृष्टीने निरर्थक होय. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते; परस्पर दिलेली रक्कम भरपाई ठरत नाही. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल वारसांना देण्याची मुभा मालकास आहे, तेवढीच. महिन्याभरात रक्कम न भरल्यास व्याज चढते.

अर्जास दोन वर्षांची मुदत आहे. तेव्हा सुतक फिटताच कुणा जाणत्या आप्ताने वेतनाची चिठ्ठी, हजेरीचे कागद व दाखला गोळा करावा. दाखला मराठी शाळेचा आणि सुनावणी बेळगावास असेल, तर त्याचे कन्नड वा इंग्रजी भाषांतर सोबत जोडलेले बरे.