समजून घ्या : साथीचा आजार सगळ्यांना सारखाच का गाठत नाही?

‘विषाणू गरीब-श्रीमंत पाहत नाही,’ हे वाक्य करोनाकाळात सगळ्यांनी ऐकले. ते खरेच आहे. पण तो आधी कोणापर्यंत पोहोचणार, हे घर, पाणी आणि नोकरी ठरवते.

कल्याण-डोंबिवलीत काय घडले?
मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. लॅपटॉपवर काम होणाऱ्यांनी घरून काम सुरू केले. परिचारिका, सफाई कामगार, पोलीस, बसचालक यांना मात्र रोज मुंबई गाठावीच लागली. मे महिन्यात महापालिकेने आदेश काढला : मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी तिथेच राहावे. विरोध झाल्यावर माघार घ्यावी लागली. धोका प्रवासात आहे, हे महापालिकेने ओळखले होते. पण त्याचा भार टाकला तो घरी बसण्याची मुभाच नसलेल्यांवर.

आकडे काय सांगतात?
जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांतल्या ६,९३६ जणांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष जाहीर झाले. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. दाट वस्ती आणि सामायिक शौचालये हे त्यामागचे संभाव्य कारण सांगितले गेले. दहा बाय दहाच्या खोलीत विलगीकरण होणार तरी कसे?

हे फक्त करोनापुरतेच आहे का?
नाही. क्षयरोग कोंदट खोलीत हवेतून पसरतो. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ‘आठवड्यातून एकदा पिंप कोरडे करा’ ही सूचना योग्यच. पण दिव्यात किंवा डोंबिवलीलगतच्या २७ गावांत टंचाईच्या दिवसांत भरलेले पिंप ओतून देणे कोणाला परवडेल?

मग करायचे काय?
फवारणी आणि जनजागृतीचे फलक पुरेसे नाहीत. नियमित पाणी, पुरेशी शौचालये आणि रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे महापालिकेचे दवाखाने हेही साथनियंत्रणच आहे. रोजंदारीवरचा माणूस सकाळी तपासणीच्या रांगेत उभा राहिला, की त्याची दिवसाची मजुरी जाते. म्हणून तो अंगावर ताप काढत कामावर जातो.

आणि आपण? पुढच्या साथीत सोसायटीच्या ग्रुपवर ‘कामवाल्या मावशींना येऊ देऊ नका’ असा मेसेज येईल. तो पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा : त्यांचा पगार चालू राहणार आहे का?