मोरी चार फुटाची, पाऊस तीन तासाचा

आज पिकाचं कमी आणि रेल्वे लाईनचं जास्त लिहितोय. पण वाचा, कारण विषय शेवटी आपल्या रानातल्या पाण्याचाच आहे.

२०२४ चा पोळा आठवतोय ना? मराठवाड्यात आदल्या दिवसापासून पावसानं जे धरलं ते सोडेना. बैल गोठ्यातच पुजले. माझं साडेतीन एकर सोयाबीन लाईनच्या वरच्या अंगाला आहे. शेंगा भरायचा टाईम. बीबीएफवर पेरलेलं, सऱ्या नीट काढलेल्या, कृषी सहाय्यकानं शाबासकी दिलेली. काही उपयोग झाला नाही. सरीतलं पाणी नाल्यात उतरतं, नाला लाईनखालच्या मोरीतून पुढं जातो आणि ती मोरी चार फूट बाय चार फूट. लाईनच्या खालच्या रानातलं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरलं. माझ्या रानात चार दिवस उभं होतं. मधी फक्त लाईनचा भराव. त्या रात्री तो भराव म्हणजे धरणच होता.

आता हिशोब करून दाखवतो, दहावीचंच गणित आहे. १०० मिमी पाऊस एका एकरावर पडला की ४ लाख लिटर पाणी होतं. आमच्या नाल्याला वरून ४०० एकराचं पाणी येतं असं धरा. झाले १६ कोटी लिटर. अर्धं मुरलं तरी ८ कोटी लिटर मोरीला येणार. तेच पाणी दिवसरात्र मिळून २४ तासांत आलं तर सेकंदाला ९०० लिटरच्या आसपास. चार बाय चारच्या मोरीतून, पाणी सेकंदाला २ मीटर पळतंय धरलं, तर ३००० लिटर जातं. म्हणजे आरामात निघून गेलं. पण तेच ८ कोटी ३ तासांत आलं तर सेकंदाला ७४०० लिटर! पाऊस तेवढाच, मोरी तीच, आणि निम्म्याहून जास्त पाणी मागं रानात. वर जोराच्या पावसात मुरतं कमी, ते आणखी वेगळंच.

म्हणून मोरी बांधणाऱ्याला मी शिव्या देत नाही. त्यानं त्याच्या काळच्या पावसाला पुरेल अशी बांधली. तेव्हा झड लागायची, आठ-आठ दिवस रिपरिप असायची. आता पंधरा दिवस ऊन आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस. महसूल मंडळात ६५ मिमी झाला की आपण अतिवृष्टी म्हणतो, पंचनाम्याला तोच आकडा लागतो. पण ते ६५ दिवसभरात पडले का दोन तासांत, हे कुणी विचारत नाही. मोरीला आणि पिकाला मात्र तेवढंच कळतं.

हे फक्त आपल्या सोयाबीनचं दुखणं असतं तर कुणी ऐकलं नसतं, ते मला माहीत आहे. पण त्याच पावसात, १ सप्टेंबर २०२४ ला, तेलंगणात महबूबाबाद जिल्ह्यात केसमुद्रम आणि इंटेकन्ने या स्टेशनांच्या मधी रुळाखालची खडी आणि भराव पाण्यानं नेला. रूळ नुसते अधांतरी लोंबत होते. दिल्ली-चेन्नईची मेन लाईन बंद पडली. त्याच्या आधी २९ ऑक्टोबर २००५ ला नलगोंडा जिल्ह्यात वलिगोंडाजवळ वरच्या बाजूचा तलाव फुटला, त्या पाण्यानं रेल्वेचा छोटा पूल नेला आणि पहाटे पॅसेंजर गाडी त्यात गेली. शंभरावर माणसं गेली. पूल नेणारं पाणी आलं कुठून? शेतीच्या तलावातून. रान आणि लाईन एकाच पाणलोटात बसलेत, पण त्यांची खाती वेगळी, नकाशे वेगळे, इंजिनिअर वेगळे.

आता आपल्याकडं बोट. पाणी ओसरल्यावर मोरीच्या तोंडाशी काय निघालं? पऱ्हाट्या, ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा कागद, एक अख्खं बाभळीचं खोड. ते काही रेल्वेतून कुणी फेकलं नव्हतं. वरच्या लोकांनी आणि मीसुद्धा वर्षाला एक-एक तास नांगर पुढं सरकवून बारा फुटाचा नाला सहा फुटाचा केलाय. काठावरचं गवत गेलं, गाळ सुटला, तो मोरीत बसला. चार फुटाची मोरी त्या रात्री खरी तीन फुटाचीच होती.

रुळावर गस्त घालणारा एक पोरगा ओळखीचा झालाय. तो म्हणाला, "काका, पाणी भरावाला टेकलं की आमची पण झोप उडते. माती भिजून खचली तर वरून कळतबी नाही."

सध्या ठिकठिकाणी दुसरी लाईन टाकायची कामं निघालीत. माझं म्हणणं एवढंच, की नव्या लाईनखाली जुनी मोरी आहे तेवढ्याच रुंदीची लांबवली तर पुढची पन्नास वर्षं तोच घोळ. मोरी वाढवायची तर आत्ता, भराव मोकळा असताना. एकदा खडी पडली आणि गाड्या धावायला लागल्या की कुणी हात लावत नाही. त्या मापासाठी जुन्या पावसाच्या सरासरीवर न जाता तासाचा पाऊस बघावा. आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. पुलाच्या खांबावर पुराची खूण रंगवतात, तशी माझ्या बांधावरच्या लिंबाच्या झाडावर पण आहे, कुऱ्हाडीनं केलेली. पोळ्याचं पाणी जुन्या खुणेच्या हातभर वर गेलं.

गाड्या हळू चालवणं, पावसात थांबवणं, हे होतं आणि व्हायलाच पाहिजे. कोकणात तर पावसाळ्याचं टाईमटेबलच वेगळं असतं. त्यानं माणसं वाचतात. तुंबलेलं पाणी मात्र तिथंच राहतं.

मी या उन्हाळ्यात नाल्याच्या कडेची माझ्या हद्दीतली सहा फूट पट्टी सोडली, गवत लावलं. वरचे दोघं तयार झाले, तिसरा अजून हसतोय. मोरीचं माप, पाण्याची खूण आणि चार दिवसांचे फोटो लावून अर्जही दिलाय. तुमच्या शिवारातून लाईन जात असेल तर पेरणीच्या आधी टेप घेऊन जा. मोरीची रुंदी, उंची, गाळ किती आणि वरून किती एकराचं पाणी येतं, ते लिहून ठेवा. रुळावर चढू नका, खालूनच मोजा.