करडे पडलेले बंपर आणि अंधुक झालेले दिवे

पावसाळा सरून ऊन खडखडीत पडू लागले की खानापूर-बेळगावकडील आपल्या कुटुंबांत जुन्या गोव्याच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. 24 नोव्हेंबरला नोवेना आरंभ पावते व 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त येते. कोणी पायी निघतात, कोणी घरची गाडी काढतात. गाडीच्या इंजिनाची व चाकांची तपासणी आपण करतो, परंतु तिच्या अंगावरील प्लॅस्टिकाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ते करडे पडले, पिवळे झाले, तरी 'जुन्या गाडीला एवढे चालायचेच' असे म्हणून आपण मोकळे होतो. मीही तसाच मोकळा झालो होतो.

2023 च्या नोव्हेंबरात आम्ही जांबोटी, कणकुंबी या वाटेने चोर्ला घाट उतरत होतो. पहाटेचे चार वाजले असावेत. पहाटेची मिस्सा गाठावयाची होती. एका वळणावर पत्नी एकाएकी ओरडली, "अहो, माणसे आहेत पुढे!" मी ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेने जपमाळ म्हणत पायी चाललेल्या तीन बाया व एक लहान मूल आमच्या गाडीपासून जेमतेम दहा हातांवर होती. माझ्या नजरेत दोष नव्हता व गाडीचा वेगही फार नव्हता. दिवे लागलेले होते, पण त्यांचा उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी काचेतच विरून जात होता. त्या बायांनी हात जोडले व त्या पुढे गेल्या. मला मात्र पुढील दोन मैल स्टिअरिंग घट्ट धरवेना.

घरी आल्यावर दिव्यांकडे नीट पाहिले. ज्यास आपण काच म्हणतो ती आताच्या गाड्यांत काच नसतेच, ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. 1953 साली जर्मनीत हर्मान श्नेल व त्याच वर्षी अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोघांनी ते स्वतंत्रपणे तयार केले. ते काचेपेक्षा हलके असून दगड लागला तरी सहज फुटत नाही. पण त्यास दोन वैरी आहेत. एक ओरखडा व दुसरे ऊन. म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ, कठीण लेप चढवितात. वर्षानुवर्षे उन्हातान्हात उभी राहिलेल्या गाडीचा हा लेप झिजतो, जागोजागी सुटतो, आणि मग सूर्याचे अतिनील किरण खालच्या प्लॅस्टिकास पिवळे करितात. पृष्ठभाग सूक्ष्म भेगांनी खडबडीत होतो. असल्या पृष्ठभागातून गेलेला उजेड सरळ न जाता चहूकडे फाकतो.

येथे एक चूक पुष्कळ जण करितात. उजेड कमी पडतो म्हणून ते नेहमीच्या 60/55 वॅटच्या बल्बऐवजी 100/90 वॅटचा बल्ब बसवितात. त्याने पुढचा रस्ता फारसा उजळत नाही. फाकलेला उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर मात्र अधिक जातो, आणि जास्तीच्या उष्णतेने दिव्याच्या आतील भाग व तारा खराब होतात.

मी प्रथम शेजाऱ्याच्या सल्ल्याने दंतमंजनाची पेस्ट चोळली. तिच्यात बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे वरचा थर थोडा निघून दिवा चकचकीत दिसला. पत्नीने कौतुकही केले. पण लेप गेलेला तो गेलेलाच, त्याजागी नवा काही चढला नव्हता. दुसरा उन्हाळा लागण्यापूर्वीच पिवळेपणा परत आला. मग माझा भाचा, जो गॅरेजात काम करितो, एका रविवारी मिस्सेनंतर घरी आला व म्हणाला, "मामा, वरवर चोळून भागायचे नाही. खराब थर पुरता काढावा लागेल."

त्याने दाखविलेली रीत अशी. प्रथम गाडी सावलीत उभी करून दिवा साबणाच्या पाण्याने धुवावा, कारण वाळूचा एक कण राहिला तरी तो पुढे खोल ओरखडे पाडील. दिव्याभोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावावी. मग 800 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, पाणी सतत सोडीत, आडव्या दिशेने घासावे. भाच्याने दोनदा बजाविले, "मामा, कोरडा घासू नका." आरंभी पिवळसर दुधासारखे पाणी येते. ते निव्वळ पांढरे येऊ लागले म्हणजे जुना थर निघाला असे समजावे. मग 1000 चा कागद घेऊन उभ्या दिशेने घासावे, म्हणजे आधीचे आडवे ओरखडे पुसले गेले की नाही हे डोळ्यांस कळते. त्यापुढे 1500, 2000 व शेवटी 3000. या सबंध वेळेत दिवा धुके धरल्यासारखा पांढुरका दिसतो, व नवखा माणूस घाबरून जातो. मीही घाबरलो. पण मऊ चिंधीवर रबिंग कंपाउंड घेऊन घासताच तो पाण्यासारखा स्वच्छ झाला. दोन दिव्यांस आमचे तीन तास गेले. घाई करणाऱ्याने हे काम हाती घेऊच नये.

आता खरा महत्त्वाचा भाग. येथेच थांबल्यास सहा-आठ महिन्यांत सारी मेहनत वाया जाते, कारण उघड्या पॉलिकार्बोनेटला उन्हापासून राखण करणारे काही उरत नाही. म्हणून अतिनील किरण अडविणारा पारदर्शक लेप द्यावाच लागतो. तो चिंधीने लावावयाचाही मिळतो व स्प्रेचाही. हार्डनर मिसळलेला स्प्रे अधिक टिकतो, परंतु त्याची वाफ फुप्फुसांस घातक असते. तेव्हा तो रंगकाम करणाऱ्याकडून, योग्य मुखवटा घालूनच, मारून घ्यावा. घरच्या अंगणात मुले खेळत असता ते साहस करू नये. लेप वाळेपर्यंत, निदान एक दिवस, गाडी दवात किंवा पावसात उभी करू नये.

दिव्याच्या आतल्या बाजूस दव धरत असेल तर बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही. तेथे कडेचे सील गेलेले असते. प्लॅस्टिकात खोल भेगांचे जाळे पडले असेल तर नवा दिवा घेणे हेच शहाणपण. आणि थिनर, पेट्रोल किंवा डास पळविण्याचा स्प्रे पॉलिकार्बोनेटला लावण्याचा मोह आवरावा. काही क्षण चकाकी येते, मग ते पांढरे पडते किंवा तडकते. आमच्याच ओळखीच्या एका गृहस्थाने थिनरने दिवा पुसला व संध्याकाळी तो दुधी काचेसारखा झालेला पाहिला.

बंपर व आरशांच्या काळ्या प्लॅस्टिकाची गोष्ट निराळी. ते बहुधा पॉलिप्रोपिलीन असते, व त्यात काजळी मिसळलेली असते. उन्हाने त्याचा वरचा थर विस्कटून भुकटीसारखा होतो. म्हणूनच काळे बंपर करडे दिसतात व हात फिरविल्यास बोटास पांढुरकेपणा लागतो. खोबरेल तेल किंवा रॉकेल चोळले की ते लगेच काळे होतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण तेलाने त्या खडबडीत पृष्ठभागातील खळगे केवळ भरले जातात. पहिल्या पावसात ते वाहून जाते, आणि तोवर आपल्याकडील तांबडी धूळ त्यावर चिकटून बसते. गरम हवेच्या यंत्राने वरचा थर किंचित वितळवून काळेपणा आणण्याची युक्तीही काही गॅरेजांत करितात. ती लागू पडते, पण पॉलिप्रोपिलीन सुमारे 160 अंशांना वितळते, आणि हात क्षणभर रेंगाळला की बंपरला कायमची वळी पडते. मला ती युक्ती पसंत नाही.

त्याऐवजी कोमट पाणी, साधा सौम्य साबण व मऊ ब्रश घेऊन बंपर दोनदा धुवावे. सांध्यांत पावसाळ्याचे हिरवे शेवाळ बसलेले असते, ते जुन्या दातांच्या ब्रशाने काढावे. काळ्या प्लॅस्टिकावर पॉलिशचे पांढरे डाग राहिले असतील तर मुलांच्या दप्तरातील खोडरबराने ते बरेचसे निघतात. पूर्ण वाळल्यावर प्लॅस्टिकासाठी मिळणारा रंगयुक्त लेप स्पंजाने पातळ लावावा, जादा पुसून काढावा, व दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात द्यावा. साधा तैलरंग मात्र देऊ नये. विशेष प्रायमर आधी न दिल्यास तो या प्लॅस्टिकास धरत नाही व पापुद्रे निघतात.

काम संपल्यावर त्याच रात्री आम्ही गाडी चर्चच्या आवाराच्या भिंतीपासून वीस-पंचवीस फुटांवर उभी केली व दिवे लावले. दोन्ही दिव्यांच्या उजेडाची वरची कड भिंतीवर रेघेसारखी स्पष्ट उमटली. पूर्वी तेथे नुसता पिवळा डाग पडत असे. एक दिवा मात्र जरा वर पाहत होता, तो भाच्याने मागील स्क्रू फिरवून खाली आणला. 2024 च्या यात्रेस आम्ही त्याच घाटातून, त्याच वेळी उतरलो. पायी जाणारी मंडळी दुरूनच दिसली, व आम्ही गाडी हळू करून त्यांना रस्ता दिला.