आग रामेश्वरी, बंब दाराशी

मोठ्या दुकानातून बाहेर पडताना गणवेशातला एक माणूस आपलं बिल मागतो, पिशवीत डोकावल्यासारखं करतो आणि बिलाला पंचने भोक पाडतो. या भोकामुळे आजवर नेमकी कोणती चोरी अडली, हे एकाही दुकानमालकाला सांगता आलेलं नाही. वीस वस्तूंचं बिल आणि फुगलेली पिशवी यांचा मेळ तीन सेकंदांत घालता येत असता, तर तो माणूस कंत्राटदाराच्या पगारावर बारा तास उभा राहिला नसता. आणि मुरलेला चोर बिल घेऊनच बाहेर पडतो. दोन शर्टांचे पैसे रीतसर देतो, तिसरा अंगात घालून जातो, वर भोक पाडणाऱ्याला "थँक यू काका" म्हणतो.

दुकानांचे हिशोब आणि साठा तपासणं हे माझं काम. कापड, रेडिमेड, भांडी, अधूनमधून सुपरमार्केट. वर्षअखेरीला माल मोजला की पुस्तकातला आकडा आणि फळीवरचे नग जुळत नाहीत. या तुटीला आमच्या धंद्यात शॉर्टेज म्हणतात, आणि त्यावर शेठचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पोरी चोरतात, साहेब." पोरी म्हणजे दिवसभर उभं राहून घड्या उलगडणाऱ्या आणि पुन्हा घालणाऱ्या विक्रेत्या. त्यांची पर्स रोज रात्री तपासली जाते. डबासुद्धा उघडून दाखवावा लागतो. ट्रकमधून उतरलेल्या गाठी मात्र न मोजता पुरवठादाराच्या चलनावर सही होते. 'शंभर नग' लिहून अठ्ठ्याण्णव आले, तर ते दोन नग दुकानात न येताच 'चोरीला' जातात, आणि वर्षअखेरीला पोरींच्या नावावर चढतात.

एक साधा हिशोब मांडतो. समजा, हजाराचा शर्ट. खरेदी सातशेची, भाडं-पगार-वीज जाऊन हातात पन्नास उरतात. असा एक शर्ट गेला, तर त्याची खरेदीची रक्कम भरून काढायला चौदा शर्ट विकावे लागतात. त्यात जीएसटी कायद्याचं कलम 17(5) असं की, चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिटही परत करावं लागतं. म्हणजे माल चोराने नेला, कर सरकारने नेला. इतकं झोंबणारं नुकसान असताना ते कुठून होतंय हे शोधायला कोणी बसत नाही. कॅमेरे मात्र बसतात. सोळा कॅमेऱ्यांचा पडदा शेठच्या डोक्यामागे भिंतीवर, आणि शेठचं तोंड गल्ल्याकडे. चित्रीकरण बघणार कोण? चोरी झाल्यावर बघू. चोरी झाली कधी? ते मार्चमध्ये कळेल. तोवर जुनं चित्रीकरण पुसून गेलेलं असतं.

चोरी इतकी सोपी झाली कशी, याचं उत्तर कोणालाच आवडत नाही. 1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉंडर्स नावाच्या माणसाने 'पिग्ली विग्ली' हे दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, फळीवरचा माल तूच घे. त्याआधी काउंटरमागचा माणूस माल काढून देई. आपल्याकडे लक्ष्मी रोडच्या जुन्या साडीच्या दुकानांत गादीवर बसलेला विक्रेता अजूनही तसंच करतो. पंचवीस साड्या उलगडतो, तोंडाने "ताई, हा रंग तुम्हाला खुलेल" चालू असतं आणि मनात नग मोजणंही. त्याच्या समोरून साडी पळवणं कठीण. स्वयंसेवेने या माणसाचा पगार वाचवला, माल स्वस्त झाला, हे सगळं खरं. पण माणूस काढल्यावर नजरही गेली, आणि ती मोफत परत मिळेल अशी आशा धरणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. मजल्यावरच्या चार मुलींतल्या दोन कमी करायच्या आणि त्या पैशात दाराशी दोन रखवालदार उभे करायचे, ही आजची व्यवस्थापनकला. चोराला सगळ्यात नकोसा असतो तो जवळ येऊन "काही मदत करू का?" विचारणारा माणूस. नेमका तोच माणूस आपण काढतो.

आता रिफंड काउंटर. माझ्या मते खरा बोगदा इथे आहे, आणि त्याच्या तोंडाशी एकही रखवालदार नसतो.

सगळ्यात जुना प्रकार असा. ट्रॉलीत किंवा कचऱ्याच्या डब्यात कोणाचं तरी टाकून दिलेलं बिल सापडतं. त्यावर तेलाचा पाच लिटरचा डबा असतो. उचलणारा आत जातो, तोच डबा फळीवरून घेतो आणि काउंटरवर येऊन म्हणतो, "घरी आधीच आणलेला होता हो, परत घ्या." दुकानाचाच माल दुकानालाच विकून तो रोख घेऊन जातो. दारावर तपासणी होते ती बाहेर जाणाऱ्याची. आत येणाऱ्याच्या हातात काही होतं की नाही, याची नोंद कुठेच नसते. परत करायच्या वस्तूवर आत शिरतानाच एक चिकटपट्टी लावली, तरी हा प्रकार मोडतो. खर्च काही पैशांचा. पण त्यात कॅमेऱ्याचा डौल नाही.

दुसरा प्रकार प्रतिष्ठितांचा. शुक्रवारी शेरवानी न्यायची, रविवारच्या लग्नात मिरवायची आणि सोमवारी "साईज बसली नाही" म्हणून परत आणायची. टॅग कॉलरच्या आत दुमडून ठेवलेला असतो. परत आलेल्या अशा शेरवानीच्या खिशात मी स्वतः अक्षता पाहिल्या आहेत. घागऱ्याच्या काठाला हळद, ब्लाऊजच्या काखेत पावडर, आणि समोरचं माणूस डोळ्याला डोळा भिडवून सांगतं की, घातलीच नाही. शेठ हसून परत घेतात, कारण "चांगल्या घरची माणसं आहेत." त्याच दिवशी कोपऱ्यात जरा जास्त वेळ रेंगाळलेल्या, पायात स्लिपर असलेल्या पोराचे खिसे उलटे करून झालेले असतात. त्याच्या खिशात एसटीचा पास निघतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि फाशी देणारा स्वतःला जगाची पारख असलेला व्यापारी समजतो. टॅग छातीवर, दिसेल असा लावावा आणि "टॅग निघाला तर माल परत नाही" हे बिलावर छापावं, एवढाच यावरचा उपाय. पण टॅग छातीवर लावला की कपडा उठून दिसत नाही, अशी तक्रार शेठच करतात.

काही जण याच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि भिंतीवर पाटी लावतात: 'विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही.' शेजारी गांधीजींच्या नावावर खपणारं 'ग्राहक देवो भव' छापाचं वाक्यही चौकटीत टांगलेलं असतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे अक्षता सापडलेली शेरवानी नाकारायचं धैर्य नाही, पण पहिल्या धुण्यात रंग गेलेला कुर्ता आणणाऱ्याला कायदा मोडून हाकलायचं.

पकडल्यावरचा थाट तर विचारूच नका. मागच्या खोलीत कोंडणं, दमदाटी, मोबाइलवर व्हिडिओ आणि तो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, माल परत केला तर, समाजसेवेची शिक्षा आहे आणि असा गुन्हा अदखलपात्र आहे. खाजगी माणसाला अटकेचा अधिकार आहे तो समोर घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यापुरता. सहाशेच्या टॉपसाठी एखाद्या बाईला गोदामात डांबणारा मालक हा चोरापेक्षा मोठा गुन्हा स्वतःच्या नावावर घेत असतो. कायदा सौम्य आहे म्हणून कुरकुर करावी, जरूर करावी. पण पोलीस येऊन आपल्या फळ्या राखतील ही अपेक्षा आता तरी सोडावी.

या सगळ्याहून वाईट रिफंड असतो तो गिऱ्हाईकच नसलेला. जुनं बिल संगणकावर उघडायचं, माल परत आल्याचं दाखवायचं, पावती काढायची आणि गल्ल्यातून पैसे उचलायचे. कपडा कधी आलाच नाही, पण पुस्तकात साठा एक नगाने वाढतो आणि मार्चमध्ये तोच नग शॉर्टेज म्हणून उगवतो. हे पकडायला हेर लागत नाही. पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जावेत. रिफंडवर काउंटरबाहेरच्या माणसाची सही असावी. दुसऱ्या दिवशी त्यातल्या चार-दोन नंबरांवर फोन करून विचारावं, "परत केलेला कपडा का आवडला नाही?" आणि रात्री रिफंडची यादी वेळेनुसार लावून नुसती वाचावी.

एका दुकानात मी ती यादी लावली. मोठ्या रिफंडला शेठची मंजुरी लागे, हजाराच्या आत लागत नसे. यादीतले रिफंड एकजात हजाराच्या जरासे खाली होते, सगळे रोख, आणि बहुतेक शटर अर्धं खाली आल्यानंतरच्या वेळेचे. पासवर्ड शेठच्या भाच्याकडे होता. विक्रेत्या मुलींना गल्ल्याला हात लावायचीही मुभा नव्हती. तरी शॉर्टेजची रक्कम त्यांच्या पगारातून महिन्याच्या महिन्याला कापली जात होती. मालाचं नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालं असेल तरच, आणि त्याला बाजू मांडू देऊनच कापता येतं, हा नियम 1936 च्या वेतन कायद्यापासूनचा.

शेठनी यादी दोनदा वाचली. भाच्याला "समज देतो" म्हणाले. मी विचारलं, मुलींचे कापलेले पैसे कधी देताय?

"कापलेलं परत द्यायची आपल्याकडे पद्धत नाही, साहेब," शेठ म्हणाले.