प्रश्नाला शाखा नसते

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरांत एक बैठक भरते. गुणपत्रिका मधे ठेवलेली असते आणि जिचे भवितव्य ठरायचे ती मुलगी किंवा तो मुलगा कोपऱ्यात उभा असतो. गुण चांगले असतील तर सायन्स, जरा कमी असतील तर कॉमर्स आणि उरलेल्यांसाठी आर्ट्स, ही वाटणी बहुतेक घरांत अजूनही गृहीत धरलेली आहे. या वाटणीबरोबर आणखी एक समज मुलांच्या मनात रुजतो. संशोधन म्हटले की डोळ्यांसमोर येते ती प्रयोगशाळा, पांढरा कोट आणि परीक्षानळी. भाषेचे, इतिहासाचे, कायद्याचे किंवा समाजाचे संशोधन करणारा माणूस म्हणजे जुनी बाडे चाळत बसलेला एक निरुपद्रवी गृहस्थ, असेच आपण धरून चालतो.

हा समज मला नुसता चुकीचा नव्हे, तर नुकसानीचा वाटतो. माणसाला आयुष्यात जे प्रश्न खरोखर अडवतात, ते अकरावीचा फॉर्म भरून येत नाहीत. असा एक प्रश्न मुद्दाम घरातलाच घेतो. मामाच्या मुलीशी लग्न करावे की करू नये?

महाराष्ट्रात या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या लग्ने जुळली आहेत आणि मोडलीही आहेत. एका घरात मामाची मुलगी हक्काची मानतात; शेजारच्या घरात तो विषय काढला तरी कानांवर हात ठेवतात. परंपरेने देशस्थांत असे लग्न चालते, कोकणस्थांत चालत नाही. अनेक मराठा घराण्यांत ते चांगले मानले गेले, पण आत्येची मुलगी मात्र वर्ज्य. प्रत्येकाला आपल्या घरची रीत हाच धर्म वाटतो. मग खरे काय, हे विचारायचे कोणाला?

भाषेच्या अभ्यासकाला विचारले तर तो आपल्याच तोंडातले शब्द आपल्यापुढे ठेवील. मराठी सून सासऱ्यांना मामंजी म्हणत आली आणि सासूला आत्याबाई. आत्येच्या नवऱ्याला मामा म्हणण्याचा प्रघातही अनेक घरांत आहे. मामाच्या मुलीशी लग्न झाले तर त्या मुलीची सासू तिची सख्खी आत्याच असते. म्हणजे ज्या घरांत आज असे लग्न निषिद्ध आहे, त्या घरांतली सूनसुद्धा त्या जुन्या रीतीचेच शब्द बोलत असते. हिंदीत सास आणि बुआ या शब्दांचा एकमेकींशी काही संबंध नाही. कन्नडमध्ये मात्र सासूलाही ‘अत्ते’ म्हणतात आणि आत्येलाही. आपली मराठी या दोहोंच्या सीमेवर उभी आहे, हे नात्यांचे चार शब्द शेजारी शेजारी मांडले की कळते.

धर्मशास्त्राच्या अभ्यासकाकडे गेलो तर तो सांगेल की हा वाद आजचा नाही. मामाच्या किंवा आत्येच्या मुलीशी लग्न करणे ही दक्षिणेकडची खास चाल असल्याचे बौधायन धर्मसूत्रात नोंदले आहे. उत्तरेकडच्या म्हणून ज्या चाली तिथे दिल्या आहेत, त्यांत समुद्रप्रवास आणि लोकरीचा व्यापारही आहे! ज्या देशाची रीत त्या देशात ग्राह्य, असे मत तिथे येते आणि त्याच्या विरुद्ध असलेले गौतमाचे मतही येते. मनुस्मृतीने तर असे संबंध पातकांत घातले. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. त्यात या एका प्रश्नावर दोन्ही बाजूंची वचने त्यांनी मांडून ठेवली आहेत. ती वाचल्यावर ‘शास्त्रात असे सांगितले आहे’ हे वाक्य पुन्हा बेधडक उच्चारणे कठीण जाते. कोणते शास्त्र, कोणत्या काळचे आणि कोणत्या प्रदेशाचे, हे आधी विचारावे लागते.

वकील १९५५ चा हिंदू विवाह कायदा उघडील. भाऊ आणि बहीण यांच्या मुलांमधला विवाह या कायद्याने निषिद्ध नात्यांच्या यादीत घातला आहे. पण त्याच कायद्यात एक सवलत आहे. दोन्ही पक्षांच्या रूढीला असा विवाह मान्य असेल तर तो चालतो. रूढी म्हणजे तरी काय? दीर्घकाळ, अखंडपणे आणि एकसारखी पाळली गेलेली रीत. ती तशी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी, जो तिचा आधार घेतो त्याच्यावर. म्हणजे कायद्याने उत्तर दिले, पण ते देताना बोट पुन्हा समाजाच्या अभ्यासाकडेच दाखवले.

राहिले जीवशास्त्र. आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. त्यांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता सोळात एक असते. एखादा सुप्त दोष असा दोन्हींकडून एकत्र आला तर आजार प्रकट होतो. सर्वसाधारण दांपत्याच्या मानाने अपत्यातल्या दोषाच्या धोक्यात सुमारे दोन-तीन टक्क्यांची भर पडते. घराण्यात थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसारखा आजार असेल, किंवा पिढ्यान्‌पिढ्या जवळच्याच नात्यात लग्ने होत आली असतील, तर धोका याहून वाढतो आणि लग्नाआधी रक्ततपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. यात भेदरून जाण्यासारखे काही नाही, पण ‘आमच्यात चालते’ एवढ्यावर विषय संपवण्यासारखेही नाही.

चार अभ्यासकांनी दिलेली उत्तरे एकमेकांना खोडत नाहीत. पण त्यांतले कोणतेही एकटे पुरे पडत नाही. ज्या घराला खरोखर निर्णय घ्यायचा आहे, त्याला चारही लागतात.

हे सगळे धागे एका हातात घेणारी एक विदुषी आपल्याच पुण्यात होऊन गेली. इरावतीबाई कर्वे. मराठी वाचकांना त्या ‘युगान्त’ आणि ‘परिपूर्ती’च्या लेखिका म्हणून ठाऊक असतात. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्म, तिथल्या इरावती नदीवरून ठेवलेले नाव, फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी आणि मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९५३ साली त्यांचा भारतातील नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी संस्कृत ग्रंथ धुंडाळले, देशातल्या निरनिराळ्या भाषांतले नात्यांचे शब्द गोळा केले आणि गावोगाव हिंडून कोण कोणाशी लग्न करतो हे विचारले. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे भारताचे विभाग त्यांनी नात्यांच्या रीतींवरून पाडून दाखवले. महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या रीती जिथे एकमेकींत मिसळतात असा प्रदेश आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. मामंजी आणि आत्याबाई या शब्दांचे कोडे तिथे उलगडते.

पण इरावतीबाईंची आठवण मी काढतो आहे ती आणखी एका कारणाने. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या आणि कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्याकडे त्यांनी मानवशास्त्रात डॉक्टरेटसाठी काम केले. फिशर हे त्या काळातले बडे प्रस्थ. वंशावरून माणसाची योग्यता ठरते, या मताचे. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या फरकाचा संबंध वंशाशी आणि पर्यायाने बुद्धीशी असावा, युरोपीय माणूस त्यात वेगळा निघावा, असे त्यांचे गृहीत होते. इरावतीबाईंच्या पुढ्यात निरनिराळ्या वंशांच्या कवट्या आल्या. त्यांनी त्या मोजल्या. आकड्यांत तसा काही संबंध दिसला नाही आणि दिसला नाही असेच त्यांनी प्रबंधात लिहिले.

तिशीही न गाठलेली, परक्या देशातली एक विद्यार्थिनी. जे मोजायला दिले त्यातून गुरूला हवे ते उत्तर काढून देणे सोपे होते. पदवी ज्यांच्या हातात, त्यांच्याच मताविरुद्ध तिने आकडे ठेवले. गुण तिला बेताचेच मिळाले, असे तिचे चरित्रकार सांगतात. पुढे नाझी राजवटीने वंशशुद्धीच्या नावाखाली जे कायदे केले आणि जो संहार केला, त्याला फिशर यांच्यासारख्यांच्या ‘शास्त्रा’चा टेकू होता. पांढरा कोट, मोजपट्ट्या, प्रयोगशाळा हे सारे तिथे होते. नव्हता तो पुराव्याशी प्रामाणिकपणा. विज्ञान शाखेत आहे म्हणून एखादी गोष्ट शास्त्रीय ठरत नाही, हे सांगायला याहून भीषण उदाहरण शोधावे लागू नये.

या प्रामाणिकपणाला इतर शाखांतही तितकेच काम आहे. भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये सुरू झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. शेकडो हस्तलिखिते ओळीशी ओळ लावून ताडून पाहायची, कोणता पाठ जुना हे ठरवायचे आणि गाळलेले पाठ तळटीपांत जपून ठेवायचे, असे ते काम होते. त्याला शिस्त लावणारे डॉ. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकलेले होते, यात मला नवल वाटत नाही. याच आवृत्तीच्या आधाराने इरावतीबाईंनी ‘युगान्त’ लिहिले. आणि १९६९ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, जाई निंबकर यांच्यासह त्यांनी केलेली कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी प्रसिद्ध झाली. महाभारतातल्या गांधारीबद्दल पडणारे प्रश्न आणि धरणाखाली घर गेलेल्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले हा प्रश्न, दोन्ही त्यांच्या लेखी अभ्यासाचेच विषय होते.

इरावतीबाईंचे सगळेच आज मान्य होते असे नाही. जातिसमूहांची शरीरे मोजून त्यांची मुळे शोधण्याची पद्धत त्यांनी पुढेही वापरली; तिच्यावर नंतरच्या अभ्यासकांनी टीका केली आहे. जनुकशास्त्राने आता ते प्रश्न वेगळ्या रीतीने हाती घेतले आहेत. पण त्यांनी आपला पुरावा मांडून ठेवला म्हणूनच त्यांना तपासता आले आणि खोडताही आले. जे तपासता येत नाही, ते विद्वत्तापूर्ण वाटले तरी संशोधन नव्हे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांमधल्या भिंती पाडण्याची भाषा आहे. ती चांगलीच आहे. पण धोरणाने महाविद्यालयातली भिंत पडेल, घरातली पडेलच असे नाही. नोकरीतल्या बढतीसाठी प्रबंध लिहायचा, तो इकडून तिकडून उतरवायचा आणि नावामागे डॉक्टर लावायचे, या व्यवहाराला आपण घरी पेढे वाटून मान्यता देतो. आणि ‘आपल्याकडे सुनेने सासऱ्यांना मामंजी का म्हणायचे?’ असे विचारणाऱ्या मुलीला ‘उगाच फाटे फोडू नकोस’ म्हणून गप्प करतो. यातली खरी संशोधक कोण, हे आपल्याला ओळखता आले पाहिजे.

आईवडिलांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलगी इतिहासाला जाते म्हणाली तर तिचे गुण वाया गेले असे समजू नका आणि मुलगा भौतिकशास्त्राला गेला म्हणून त्याच्या हातून मराठीचे पुस्तक काढून घेऊ नका. त्यांनी घरात एखादा प्रश्न विचारला तर ‘तुला कसे कळले? कुठे पाहिलेस? उलट बाजूने कोणी काय म्हटले आहे?’ हे तीन प्रश्न त्यांना परत विचारा. आजीला विचारायला लावा, ग्रंथालयात पाठवा, डॉक्टरांना आणि वकिलांना गाठू द्या. आलेले उत्तर आपल्या घरच्या रीतीला सोयीचे नसेल, तेव्हा ते ऐकून घेण्याची तयारी मात्र आपली असायला हवी. इरावतीबाईंना बर्लिनमध्ये जे दाखवावे लागले, त्या मानाने आपल्याकडून मागितलेले हे धैर्य फारच थोडे आहे.