दोन सत्तर टक्के

पाथर्डी तालुक्यातल्या मढीला होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा चालते. एरवी महाराष्ट्रभर विखुरलेले भटके समाज या दिवसांत तिथं एकत्र येतात. ऊसतोडीच्या हंगामात याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कारखान्यांभोवती बाहेरून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या पडतात. अनोळखी माणूस ही इथली नित्याची गोष्ट. त्यामुळे राईनपाड्यात जे घडलं आणि त्यावरून पुढे जे निष्कर्ष काढले गेले, त्यांच्याकडे धुळ्याकडची जुनी बातमी म्हणून पाहणं या जिल्ह्याला परवडणारं नाही.

१ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची, भिक्षेवर पोट भरणारी माणसं होती ती. मुलं पळवणाऱ्यांविषयीचे संदेश आधीपासून फोनवर फिरत होते. त्या काळात देशभर पसरलेली एक चित्रफीत तर कराचीत केलेल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती. मूल परत आणून सोडतात तो शेवटचा भाग तेवढा काढून टाकलेला. व्हॉट्सॲपने बळी घेतले, असा निवाडा झाला आणि सरकारने कंपनीला जाब विचारला. त्याच महिन्यात कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या अफवांच्या काळात, अनेक हातांतून पुढे आल्याची खूण म्हणून दुहेरी बाण उमटलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं. काही आठवड्यांत कंपनीने जाहीर केलं की असे संदेश जगभरात ७० टक्क्यांनी घटले.

हा आकडा सगळीकडे छापून आला. वाचणाऱ्याने त्याचा अर्थ घेतला तो असा, की अफवा ७० टक्क्यांनी घटल्या. कंपनी असं म्हणालीच नव्हती.

हे समजायला दुहेरी बाण कसा उमटतो ते पाहावं लागेल. व्हॉट्सॲपवरचा मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कुलूपबंद असतो; कंपनीला तो वाचता येत नाही. म्हणून संदेशाबरोबर एक गणक प्रवास करतो. ‘फॉरवर्ड’चं बटण दाबलं की तो एकाने वाढतो. पाच टप्पे झाले की दुहेरी बाण. म्हणजे संदेश मूळ माणसापासून किती हात पुढे गेला, एवढंच तो मोजतो. एकूण किती लोकांनी पाहिला हे त्याला कळत नाही, खरा की खोटा हे तर नाहीच. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, किंवा पडद्याचा फोटो काढून पाठवला, की गणक पुन्हा शून्यावर. तेव्हा ७० टक्क्यांत कमी काय झालं? बाण असलेले संदेश. ते थांबले किती आणि बाण गाळून नव्या वाटेने गेले किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. शिवाय मोजणी कंपनीनेच केलेली, आणि बाहेरच्या कुणाला ती पडताळून पाहता येत नाही. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्याला जे ठाऊकच नाही, त्याची साक्ष आपण त्याच्याकडून घेतो आहोत.

दुसरा हिशेब तर पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. २०१८ मध्ये गटात जास्तीत जास्त २५६ माणसं. पाच गट म्हणजे एका बोटाने १,२८०. २०२२ मध्ये आधीच पुढे ढकललेला संदेश एका वेळी एकाच गटात पाठवता येईल, असं बंधन कंपनीने जाहीर केलं. त्याच वर्षी गटाची मर्यादा मात्र वाढत १,०२४ वर गेली. एका बाजूने आवळलं, दुसऱ्या बाजूने सैल सोडलं. सगळे गट काठोकाठ भरलेले नसतात, मान्य. पण पहिल्या निर्णयाचं कौतुक करताना दुसरा त्याच्या शेजारी ठेवून पाहिलेला माझ्या वाचनात फारसा आला नाही.

संशोधकांनी या मर्यादेची तपासणी केली आहे. ब्राझील, भारत आणि इंडोनेशियातल्या खुल्या गटांची माहिती घेऊन २०१९ मध्ये झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की मर्यादेमुळे प्रसार लांबतो, पण फार जोरात पसरणारा मजकूर अडत नाही. किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी भारतातल्या राजकीय गटांमधली छायाचित्रं तपासली तेव्हा सुमारे १३ टक्के दिशाभूल करणारी निघाली, आणि त्यांत जुनाच फोटो नव्या प्रसंगाला चिकटवण्याचा प्रकार ठळक होता. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. अर्थात हे दोन्ही अभ्यास दुव्यावरून कुणालाही शिरता येणाऱ्या गटांचे. भावकीच्या, बचतगटाच्या, गल्लीतल्या गटांत काय चालतं, हे त्यांवरून ठरवता येत नाही. संशोधक स्वतः ते लिहून ठेवतात. बातमीत येईपर्यंत ती ओळ गळलेली असते.

दुसरे सत्तर टक्के असेच गाजले. मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या तिघा संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास मांडला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त. त्याचं बोलीभाषेत झालं ‘इंटरनेटवर खोटंच जास्त पळतं’. पण नमुन्यात होत्या त्या फक्त तथ्य तपासणाऱ्या संस्थांनी हाती घेतलेल्या, म्हणजे आधीच वादात सापडलेल्या बातम्या. सरसकट सगळ्या बातम्यांना तो निष्कर्ष लावता येत नाही. याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र मागे पडली: स्वयंचलित खाती वगळली तरी फरक कायम राहिला. खोटं पुढे ढकलणारी माणसंच होती.

इथून पुन्हा राईनपाड्याकडे यावं लागतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रासह चार राज्यांत फिरून २०१९ मध्ये जमावहिंसेवर अहवाल दिला. लोकांना फोन कळत नाही म्हणून ते फसतात, हे स्पष्टीकरण त्यांना अपुरं वाटलं. कुणाविषयी मनात आधीपासून आकस आहे, यावर संदेश खरा मानला जाणं अवलंबून होतं. या कामाला व्हॉट्सॲपच्याच संशोधन निधीचं साहाय्य होतं, हेही वाचकाने लक्षात ठेवायला हवं. दोष माणसांचा म्हटलं की कंपनी सुटते. पण निधीकडे बोट दाखवून निष्कर्ष झटकताही येत नाही. राईनपाड्याच्याच दिवशी रात्री मालेगावात दोन वर्षांच्या मुलासह पाच जणांना जमावाने याच संशयावरून घेरलं होतं. रहिवाशांनी आसरा दिला, पोलीस धावले, पाचही वाचले. हाच फोन, हीच अफवा.

म्हणून अशा अफवांच्या वेळी निघणारे इंटरनेट बंद ठेवण्याचे आदेश मला उपायापेक्षा सवय वाटू लागले आहेत. त्याने संदेश थांबतो, पण दारात उभ्या असलेल्या डवरी गोसाव्याकडे पाहण्याची नजर बदलत नाही.

यापुढे तपासणी आणखी अवघड आहे. एमआयटीचा अभ्यास ट्विटरच्या माहितीवर उभा होता. २०२३ मध्ये त्या कंपनीने माहिती फुकट देणं बंद केलं. फेसबुकवर काय पसरतं ते पाहण्याचं ‘क्राउडटँगल’ हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. खिडक्या मिटत चालल्या की कंपनीने सांगितलेला आकडा हाच एकमेव आकडा उरतो.

आकड्यावर प्रश्न विचारणं इथं नवं नाही. याच अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ विठ्ठलराव विखे पाटलांसोबत होते आणि कारखान्याचे पहिले अध्यक्षही झाले. अर्थशास्त्र त्या शेतकऱ्यांपुढे ताळेबंदाच्या रूपाने आलं, आणि ताळेबंदावर प्रश्न विचारायला पदवी लागली नाही. १९८३ साली लोणी, संगमनेर आणि कोपरगावला अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली. तिथून शिकलेली मुलं आज पुण्यात-बंगळुरात सॉफ्टवेअर लिहितात. हा गणक काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे पाथर्डीच्या बाजारात मराठीत सांगू शकतील अशी माणसं म्हणजे त्यांच्यातलीच. महाविद्यालयांच्या गुणपत्रिकेत मात्र या कामासाठी रकाना नाही, आणि मराठी वृत्तपत्रांनी तो आपल्याकडे उघडलेला नाही.

दरम्यान वाद अजून पाचाच्या मर्यादेवर अडला आहे. सप्टेंबर २०२३ पासून भारतात व्हॉट्सॲपवर ‘चॅनेल’ आहेत. तिथं एकाने टाकलेला मजकूर लाखो लोकांना थेट दिसतो. तो पोचवायला कुणाला पाच हात पुढे ढकलावा लागत नाही, त्यामुळे दुहेरी बाण उमटण्याचा प्रश्नच येत नाही.