माफी नको, वही दाखवा!

‘कर्जमाफी’ हा शब्दच आम्हाला खटकतो. माफी गुन्हेगाराला देतात. चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या कुणब्याने, गोंडाने, माडियाने कोणता गुन्हा केला, ते माफी देणाऱ्यांनी एकदा सांगावे!

१८७५ साली सुप्याच्या रयतेने सावकारांचे रोखे जाळले. रयत वेडी नव्हती. वही सावकाराची, लेखणी सावकाराची, अंगठा तेवढा कुळाचा, हे तिने ओळखले होते. सरकारने १८७९ साली कायदा केला, तोही पुणे, सातारा, सोलापूर, नगर एवढ्यापुरता. आमचा चांदा पडला मध्यप्रांतात!

२०१९ साली महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती निघाली. नाव ऐकून आमची छाती फुगली. पण मुक्ती कोणत्या कर्जातून? बँकेच्या आणि सोसायटीच्या. वनहक्काचा पट्टा वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, म्हणून गहाणही पडत नाही. (हे योग्यच, नाहीतर तोही सावकाराच्या घशात जाता.) मात्र त्यापायी बँक जिथे हात झटकते, तिथला माणूस पेरणीच्या तोंडी व्यापाऱ्याचे दार गाठतो. त्याचे नाव मुक्तीच्या यादीत कुठून येणार?

जगाच्या पेढीवरही हाच खासा न्याय चालतो. १९४४ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत ज्याचा पैसा त्याचे मत. मोठ्या निर्णयाला शंभरात ८५ मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे सोळांहून अधिक आहेत. तिने नाही म्हटले की सभा बरखास्त! जगातला दर सहावा माणूस हिंदुस्थानी, पण आपली मते शंभरात तीनसुद्धा नाहीत. १९९१ साली आपल्यालाच परदेशात सोने गहाण टाकावे लागले. १९९६ साली कर्जात बुडालेल्या गरीब देशांसाठी सवलत निघाली. पण आधी सावकाराच्या अटी पाळा, मग सूट. कुळाच्या चुलीवर काय शिजावे तेही सावकारच ठरवणार!

वही हाती आली की काय होते, ते गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने दाखवले. २००९ साली गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू बाहेर नेण्याच्या परवान्याचे पुस्तक वनखात्याकडेच राहिले. हक्क कागदावर आणि पुस्तक कपाटात! ते २०११ साली ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कुठे गावाने आपला बांबू आपण विकला.

बांधवांनो, येत्या ग्रामसभेला सावकाराला वहीसकट बोलवा. २०१४ च्या सावकारी कायद्याने परवाना घेणे आणि ऋणकोला हिशेब देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आला नाही, तर त्याच्याजवळ परवाना आहे की नाही, एवढेच जिल्हा उपनिबंधकाला लेखी विचारा. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.